तुम्ही विचारलंत म्हणून: दमयंतीच का?

"ताटातुटीच्या एवढ्या जुन्या कथा आहेत, मग तुम्ही सारखं दमयंतीबद्दलच का बोलता?" हे मला बरेच जण विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

मेघदूतातला यक्ष शापाची मुदत संपायची वाट बघतो. शकुंतलेचं नशीब हरवलेल्या अंगठीवर अडलेलं. दमयंती स्वतः हालचाल करते.

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे द्यूतात सर्वस्व घालवून बसलेल्या माणसालाच. दमयंतीचा नवरा नळही फाशांवर राज्य हरला होता. रानात निजलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तो निघून गेला. कलीनं झपाटलं होतं, मान्य. पण जाग आली तेव्हा ती रानात एकटी होती.

माहेरी, विदर्भात, पोचल्यावर तिनं ब्राह्मण धाडले आणि त्यांच्याकडून एक प्रश्न पाठ करून घेतला: अरे जुगाऱ्या, माझं अर्धं वस्त्र कापून, मला झोपेत टाकून कुठे गेलास? कर्कोटक नागाच्या दंशानं नळाचं रूप पालटलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. पण हे ऐकून तो गप्प बसणार नाही, एवढं ती ओळखून होती. अयोध्येच्या दरबारात कुणी ब्र काढला नाही. राजा ऋतुपर्णाचा आखूड हातांचा, कुरूप सारथी बाहुक तेवढा तिनं धाडलेल्या पर्णाद ब्राह्मणाला बाजूला घेऊन रडला.

मग वडिलांना पत्ता लागू न देता, आईला हाताशी धरून, तिनं एकट्या ऋतुपर्णाला निरोप पाठवला: उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर. शंभर योजनं एका दिवसात रथ हाकणारा नळाशिवाय होता कोण? संध्याकाळी ऋतुपर्ण विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात उतरला, तर ना मंडप, ना राजे! काय अक्कल या बाईची!

तरी ती लगेच विरघळत नाही. दासी केशिनीला पाळतीवर ठेवते, बाहुकानं शिजवलेलं चाखून बघते, मुलांना त्याच्याकडे पाठवते. तो त्यांना कवटाळून रडतो. समोर आल्यावर तिचा पहिला सवाल असा: झोपलेल्या बायकोला रानात सोडून जाणारा धर्म जाणणारा पुरुष तू कधी पाहिलास का?

नळ दोष कलीवर टाकतो आणि उलट तिलाच दुसऱ्या स्वयंवराबद्दल बोल लावतो. तिला वायूची साक्ष काढावी लागते, मग त्याचा विश्वास बसतो. एवढं सगळं जिनं जुळवून आणलं, तिच्याकडेच साक्षीदार मागावा, हे मला आजही सहन होत नाही.