संमती विचारायची कशी?

महाविद्यालयात लैंगिक संमतीचा विषय निघाला की बहुतेक विद्यार्थी ‘नाही म्हणजे नाही’ हे वाक्य तत्परतेने सांगतात. परंतु प्रत्यक्षात तोंडावर ‘नाही’ फार क्वचित म्हटले जाते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी वर्गातल्या चर्चेत म्हणाली, “मॅम, सरळ नको म्हटलं की तो चिडतो, म्हणून मी सकाळी लवकर लेक्चर आहे असं सांगते.” त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग मुलाला कळणार कसं?”

कळते, असे माझे ठाम मत आहे. जेवायला बोलावल्यावर ‘बघू, जमलं तर येतो’ असे उत्तर आले की त्या पाहुण्यासाठी कोणी कणीक जास्त भिजवत नाही. आडवळणाचा नकार ओळखण्यात आपण सारे लहानपणापासून तरबेज असताना, तोच नकार खोलीतल्या एकांतात समजला नाही असे कोणी म्हणतो, तेव्हा बहुधा ऐकण्याची तयारीच नसते.

न्यायालयांनीही हे ऐकायला फार वेळ घेतला. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याच्या आरोपाच्या प्रकरणात, अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा झाला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, निमूटपणे सोसणे आणि संमती देणे यांतला फरक स्पष्ट केला. बलात्काराच्या कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने आलेली संमतीची व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे: संमती निःसंदिग्ध व स्वेच्छेची हवी, ती शब्दांतून वा खुणेतून त्या विशिष्ट कृतीपुरती व्यक्त झालेली हवी, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून ती गृहीत धरता येत नाही.

प्रथम वर्षाच्या मुलांना आपण लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती देतो, ती आवश्यकच आहे. पण तक्रारीची वेळ येण्याआधी काय बोलावे, हे कोणी सांगत नाही. “विचारलं तर मूड जातो,” असे एक मुलगा प्रांजळपणे म्हणाला. “तुला हवंय का? थांबू का?” एवढे विचारायला क्षणभर पुरतो, आणि आधी होकार दिलेल्या मुलीलाही मध्येच “थांब” म्हणता येते, हे मी त्या तासाला फळ्यावर लिहिले.