मैदानाचं आरक्षण वाचवताना

शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा प्रारूप (म्हणजे कच्चा) विकास आराखडा प्रसिद्ध झाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात निविदा सूचनांच्या गर्दीत, बारीक अक्षरांत आली होती. ती आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. आम्हाला कळलं ते एका नगरसेवकाच्या कार्यकर्त्यामुळे. "ताई, तुमच्या मागच्या मैदानावर पिवळा रंग आलाय, एकदा बघून घ्या," एवढंच बोलून तो गाडीला किक मारून गेला. आराखड्यात पिवळा म्हणजे रहिवास विभाग. आधीच्या आराखड्यात त्याच जागेवर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण होतं, म्हणजे ती जागा मैदानासाठी राखून ठेवलेली. जागा खाजगी, पण मोकळी. मुलं वर्षानुवर्षं तिथंच खेळत आलेली.

महाराष्ट्रात हे सगळं 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार चालतं. इंग्रजी नावावरून आम्ही त्याला एमआरटीपी म्हणायला लगेच शिकलो. त्याच्या कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी आम्हाला 30 दिवस होते. त्यातले बरेच आम्हाला कळेपर्यंतच संपलेले.

नगररचना विभागाच्या भिंतीवर आराखडा लावलेला होता. तिथं मान वर करून बघताना काही म्हणजे काही कळत नाही. आम्ही आमच्या भागाच्या नकाशाची प्रत पैसे भरून घेतली आणि खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावला, उन्हात दोन्ही रेषा दिसायला लागल्या, आणि पेन्सिलीनं गट नंबर जुळवत बसले. मग म्हणाले, "अगं, मैदान काढलेलं नाही. उचलून नदीकडे नेलंय." खरंच, नवं आरक्षण नदीकाठच्या एका पट्ट्यावर होतं, क्षेत्रफळही जवळपास तेवढंच. फक्त तो पट्टा निळ्या पूररेषेच्या आत आणि मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द; तिच्या आत बांधकाम करता येत नाही, उद्यान-मैदानासारखा मोकळा वापर चालतो. म्हणजे ज्यानं रेषा मारली त्याचं गणित नियमात बसत होतं. जिथं काही बांधता येत नाही तिथं मैदान टाकायचं आणि जिथं बांधता येतं ती जागा मोकळी करायची.

हरकत लिहिताना पहिला मसुदा आमच्या सोसायटीतल्या एका उत्साही माणसानं केला. त्यात 'चिमुकल्यांचं हिरावलेलं बालपण' वगैरे होतं. ते सगळं काढून टाकलं. काकांच्या सल्ल्यानं एका पानात एवढंच ठेवलं: गट नंबर, जुन्या आराखड्यातला आरक्षण क्रमांक, नव्या आराखड्यातला क्रमांक, जागेचा आजचा वापर, पूररेषेचा मुद्दा, मुलांना ओलांडावा लागणारा रस्ता, आणि शेवटी मागणी. सोबत नकाशाची प्रत, त्यावर लाल पेनानं दोन्ही जागा दाखवलेल्या. सह्यांची मोहीम घ्यायची होती, पण आवक-जावकच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "मॅडम, एका अर्जावर कितीही सह्या असू देत, माझ्या रजिस्टरला ती एकच हरकत." मग घरटी वेगळा अर्ज केला. प्रत्येकाची दुसरी प्रत आणि त्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. त्या दिवशी शिक्का मारून मारून त्या माणसाचा हात दुखला असणार, पण त्यानं एकही पोच नाकारली नाही.

त्यानंतर शांतता. सुनावणीचं पत्र यायला एवढा वेळ गेला, की त्याच मैदानावर खेळणाऱ्या एका मुलाचं बारावीचं वर्ष संपून गेलं होतं. कलम 28 खाली नियोजन समिती बसते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. सभागृहाबाहेर खुर्च्या, वहीत नाव, आणि शिपाई पुकारेल तसं आत जायचं. आत गेल्यावर बोलायला जेमतेम काही मिनिटं मिळतात. समितीतल्या एका निवृत्त नगररचनाकारांनी आमचा नकाशा मागून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून पूररेषेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "पावसाळ्यात इथं पाणी किती दिवस राहतं?" आम्ही फोटो पुढे केले. बाकी आम्ही जे काही पाठ करून गेलो होतो ते कुणी विचारलंच नाही.

पण माझ्यासाठी तो दिवस लक्षात राहिला तो बाहेरच्या खुर्च्यांमुळे. शेजारी जमीनमालकाच्या घरातला तिशीतला मुलगा बसला होता. तो आमच्या विरुद्ध बाजूनं आलेला. मी मनात त्याला बिल्डरचा माणूस ठरवून टाकलं होतं, पण तो बोलला ते वेगळंच. त्याच्या आजोबांच्या वेळी जमिनीवर आरक्षण पडलं. महापालिकेनं जमीन घेतली नाही, पैसे दिले नाहीत आणि बांधूही दिलं नाही. वडिलांनी एकदा कलम 127 ची खरेदी सूचना, म्हणजे 'आमची जमीन विकत घ्या' अशी नोटीस, महापालिकेला दिली होती. 'कागदपत्रे अपुरी' असं उत्तर आलं. "तुमच्या मुलांनी खेळावं की, पण आमच्या पैशानं का?" तो म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

हे कलम 127 मैदान वाचवायला निघालेल्या प्रत्येकानं आधी वाचावं असं आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. सूचनेनंतर 24 महिन्यांत (2015 पूर्वी ही मुदत 12 महिन्यांची होती) महापालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द. आणि पावलं म्हणजे नुसता प्रस्ताव वरच्या कार्यालयाकडे पाठवणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलेलं आहे. म्हणजे आम्ही सुनावणी जिंकलो असतो आणि महापालिकेनं पुढे पैशांची सोय केली नसती, तर ते मैदान फक्त नकाशावर राहिलं असतं, तेही काही वर्षं. त्या मुलाचा राग आणि आमचा अर्ज, दोन्हींचं मूळ एकच होतं. नकाशा एक खातं काढतं आणि पैसे दुसरं खातं देतं.

समितीनं आरक्षण मूळ जागी ठेवण्याची शिफारस केली. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. आराखडा महापालिकेकडून शासनाकडे गेला. शासन मंजुरी देतं तेव्हा बहुधा काही भाग मंजूर होतो, आणि ज्यात सारभूत, म्हणजे मोठे, फेरबदल सुचवलेले असतात तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. आमचं मैदान मंजूर भागात आलं. पलीकडचा प्रस्तावित रस्ता वगळलेल्या भागात अडकला.

मग आम्ही अंदाजपत्रकाकडे वळलो. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अंदाजपत्रकाचं पुस्तक जाडजूड असतं, पण वाचायला अवघड नाही. डावीकडे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं हेड, मग मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद. मी सरळ 'उद्याने व क्रीडांगणे' उघडलं. 'शहरातील खेळाची मैदाने विकसित करणे' अशी एक मोघम ओळ होती, आणि तिच्या प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यातला आकडा तरतुदीच्या पासंगालाही पुरत नव्हता. असं मोघम हेड म्हणजे सामायिक डबा. ज्याचा हात लांब, त्याच्या प्रभागात पैसे जातात. आपल्या कामाचं नाव स्वतंत्र ओळीत आलं तरच पुढच्या वर्षी कुणाला तरी जाब विचारता येतो.

पद्धत अशी असते: आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, स्थायी समिती त्यात भर-घट करून सर्वसाधारण सभेकडे पाठवते, तिथं उपसूचना येतात आणि 1 एप्रिलपासून ते लागू. नगरसेवकांची खरी चढाओढ स्थायी समितीच्या टप्प्यावर. आम्ही आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला गाठून मैदानाच्या नावानं ओळ टाकून घेतली. तरतूद आली, टोकन! एक लाख रुपये. "ओळ उघडली ना, आता पुढच्या वर्षी वाढवू," बाई म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना तो मोठाच विजय वाटत होता. आता मलाही वाटतो. शून्याच्या ओळीवर काही चढत नाही. पण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत वर्गीकरणाचा ठराव झाला आणि आमचे एक लाख एका रस्त्याच्या डांबरीकरणाला गेले. वर्गीकरण म्हणजे न खर्चलेली तरतूद एका हेडखालून दुसऱ्या हेडखाली वळवणं. वर्ष संपताना या ठरावांची नुसती रांग लागते. विषयपत्रिकेत त्यांचं वर्णन इतकं रुक्ष असतं, की कोणत्या कामाचे पैसे गेले हे शोधायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि 30 दिवस थांबायचं. अर्जात 'नस्तीची पाहणी करायची आहे' असं लिहिलं, तर टेबलावर बसून सगळी फाइल चाळता येते. ते मला प्रती मागण्यापेक्षा सोयीचं वाटलं.

2022 नंतर आमच्याकडेही प्रशासक आले. नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं कार्यालय एकच. तक्रार अशी, की खडसावून विचारायला कुणी उरलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर आमचं काम त्याच काळात हललं. जमिनीसाठी रोख मोबदला द्यायचा तर 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभावाएवढीच दिलासा रक्कम वर चढते, म्हणजे आकडा दुप्पट. तेवढे पैसे द्यायची महापालिकेची तयारी नव्हती. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि 2017 पासून जीएसटीपोटी शासनाकडून येणाऱ्या अनुदानावर, मालमत्ता करावर आणि बांधकाम परवान्यांच्या शुल्कावर गाडा चाललेला. म्हणून जमीनमालकाच्या कुटुंबाला टीडीआर देऊ केला, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. घरात बराच वाद झाल्याचं कानावर आलं. शेवटी त्यांनी तो घेतला. जागा समपातळी करून, कुंपणभिंत आणि फाटक लावून द्यायची अट मालकावरच असते, त्यामुळे भिंतीची तरतूद मागायची वेळ आली नाही. मी त्या मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सुटलो एकदाचे." एवढंच.

आता दिवे, पाणी आणि स्वच्छतागृह. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे, आणि ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं, हे मी आमच्या क्षेत्रीय कार्यालयात प्रत्येक वेळी ऐकवत असते. ऐकणाऱ्या अभियंत्याला आता ते पाठ झालंय. दिव्यांचं इस्टिमेट तयार झालं. स्वच्छतागृहाच्या निविदेला पहिल्यांदा प्रतिसाद आला नाही म्हणून ती पुन्हा काढली आहे. महापालिकेकडे जागेची ताबा पावती आहे, पण सातबाऱ्यावर अजून मालकांचंच नाव आहे, फेरफाराची नोंद व्हायची आहे. तलाठी मॅडम म्हणतात पुढच्या आठवड्यात या.