थ्री-क्वार्टरमध्ये अडकलेले ७० दिवस

‘टर्नअराउंड जुळत नाही.’ टर्नअराउंड म्हणजे एकाच पात्राची वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रे. मी ती एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओला पाठवली होती. हे तीन शब्द मला तिथून तीन वेळा आले आणि प्रत्येक वेळी ते यायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. नाक जुळत नाही, खांदा जुळत नाही की वेणी, एवढे सांगणारे आणखी एक वाक्य त्या स्टुडिओतल्या कोणी लिहिले असते, तर माझे ७० दिवस वाचले असते. तो राग अजून गेलेला नाही, आणि हा अनुभव लिहून ठेवण्याचे तेही एक कारण आहे.

पात्र माझे स्वतःचे होते. नान्नजच्या माळावर माळढोक शोधत फिरणारी अकरा वर्षांची मुलगी, पाठीवर एक जाड वेणी, डाव्या खांद्यावर वडिलांनी मागावर विणलेली सोलापुरी चादर. छोटी छोटी रेखाटने करून ती शाईने काळी भरली आणि नुसत्या आकारावरून मुलगी ओळखू येते का, एवढेच पाहिले. आठवड्याभरात ती सापडली. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

खरे काम टर्नअराउंडचे होते. समोरून, थ्री-क्वार्टर (म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधोमध वळलेले), बाजूने, मागून थ्री-क्वार्टर आणि मागून अशी पाच चित्रे एका रेषेत काढायची, आणि डोळे, हनुवटी, कोपर, गुडघा यांची उंची पाचही चित्रांत तीच ठेवायची, कारण उद्या दुसरा कोणी चित्रकार या पानावरूनच तिला चालवणार असतो. आमच्या घरी जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या, नक्षीसाठी वडिलांनी आणलेला आलेख कागद शिल्लक होता. चादरीवरचा मोर आधी अशाच चौकटींत मांडावा लागतो, त्यामुळे चौकटी मोजण्याची सवय मला लहानपणापासून आहे. डोक्याची उंची २० चौकटी धरली आणि मुलगी साडेपाच डोक्यांची, म्हणजे ११० चौकटींची केली. उंचीत कुठेही चूक नव्हती, आणि म्हणूनच त्या तीन शब्दांचा मला जास्त त्रास झाला. पहिल्यांदा परत आल्यावर मी सगळ्या आडव्या रेषा पुन्हा तपासल्या. दुसऱ्यांदा परत आल्यावर पाचही चित्रे नव्याने काढली, म्हणजे तीच चूक अधिक स्वच्छ हाताने केली. तिसऱ्यांदा परत आल्यावर दोन दिवस पेन्सिल हातात धरली नाही.

शेवटी तो कागद घेऊन मी आमच्या गल्लीतल्या गणपती घडवणाऱ्या आजोबांकडे गेले. त्यांनी समोरचे चित्र पाहिले, बाजूचे पाहिले, थ्री-क्वार्टरवर बराच वेळ बोट ठेवले आणि विचारले, “वरनं कशी दिसती ती, ते काढलीस का?” मी काढले नव्हते. त्यांनी ओल्या शाडूचा गोळा पाटावर ठेवला, नाकाच्या जागी चिमटा काढला आणि मला उभे राहून डोक्यावरून पाहायला लावून पाट हळूहळू फिरवला. नाकाचे टोक गोल वाटेने बाजूला सरकत होते. त्या वाटेवर निम्मे वळण झाले, तेव्हा ते निम्म्याहून बरेच पुढे गेलेले होते.

माझी चूक नेमकी तिथे होती. बाजूच्या चित्रात नाकाचे टोक डोक्याच्या मध्यरेषेपासून १० चौकटी पुढे होते. थ्री-क्वार्टर म्हणजे अर्धे वळण, म्हणून मी ते मध्यापासून ५ चौकटींवर ठेवले होते. ४५ अंशांत वळल्यावर ते सुमारे ७ चौकटींवर यायला हवे, कारण तिथे गुणायचे ते निम्म्याने नव्हे, ०.७ ने. वेणीच्या गाठीचे तेच, फक्त उलट्या बाजूला. दोन-दोन चौकटींच्या फरकाने तिचा चेहरा पत्र्यासारखा चपटा दिसत होता, आणि मी दोन महिने तिच्या डोळ्यांना दोष देत होते. त्या रात्री डोक्याचा आणि खांद्यांचा वरून दिसणारा आकार काढला, तो ४५ अंशांत फिरवला, त्याच्या प्रत्येक बिंदूपासून खाली रेषा सोडल्या आणि थ्री-क्वार्टर त्या रेषांवर बसवले. मुलगी पहिल्यांदा खरोखर वळलेली दिसली. मला रडू आले.

काही गोष्टी आता आठवतात तशा सांगते. चादर तिच्या डाव्या खांद्यावर आहे, म्हणजे समोरच्या चित्रात ती कागदाच्या उजव्या बाजूला येते आणि मागच्या चित्रात डाव्या. हे मी पहिल्या खेपेलाच उलटे काढले होते आणि आईने ते पकडले. चादरीची घडी उलटते तिथे तीच नक्षी रंग पालटून दिसते, तेव्हा दोन्ही बाजूंचे रंग पानाच्या कडेला लिहून ठेवावेत. हात अंगाला चिकटवून काढू नयेत, थोडे दूर ठेवावेत, नाहीतर कंबर दिसतच नाही. पान मोबाईलने जवळून टिपू नये, कडेची चित्रे ताणली जातात; स्कॅनच करून पाठवावे. आणि पान परत आले, तर ‘कोणत्या चित्रात, कोणता भाग?’ असे त्याच दिवशी लेखी विचारावे. मी संकोचाने विचारले नाही, हे मला अजून लागते.

चौथ्या वेळी अकरा दिवसांत उत्तर आले: ‘ठीक. हावभावांचे पान पाठवा.’ ते पान सुरू करण्याआधी मी तिचे डोके पुन्हा एकदा वरून काढले, हसताना गाल किती पुढे येतात ते पाहण्यासाठी.