पिरॅमिड हेड जेम्सचाच

शनिवार, रात्री उशिरा

'सायलेंट हिल २' हा भयाचा व्हिडिओ गेम परत खेळायला घेतला आहे. २०२४ चा रिमेक नव्हे, २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेला मूळ गेम. रिमेक संपवल्यापासून त्यातला राक्षस, मूळ पिरॅमिड हेड, पुन्हा एकदा नीट बघायची ओढ लागली होती. (पुढे गोष्टीचा शेवट सांगून टाकला आहे. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी आधी खेळावा, मग वाचावं.)

आज वुड साइड अपार्टमेंटमधल्या त्या गजांपर्यंत आले. अंधारा कॉरिडॉर, मध्ये आडवे आलेले गज आणि पलीकडे लालसर उजेडात तो. हलत नाही, ओरडत नाही, अंगावर धावून येत नाही. एरवी मोठा शत्रू पहिल्यांदा येतो तेव्हा गेम त्याची पुरती वर्दी देतो: कटसीन (आपण नुसता बघायचा, सिनेमासारखा तुकडा) लागतो, संगीत चढतं, कॅमेरा पायापासून डोक्यापर्यंत फिरतो. इथे यातलं काही नाही. तो नुसता आपल्याकडे तोंड करून उभा आहे आणि त्याला तोंडच नाही. मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. शेवटी मागे वळावं मलाच लागलं, कारण तो काही जाणार नव्हता.

हा मासाहिरो इतोंनी घडवला. गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या ज्या गटाला टीम सायलेंट म्हणतात, त्यात राक्षसांची रेखाटनं त्यांच्याकडे होती. आधी त्यांनी मुखवटा घातलेला एक जीव काढून पाहिला होता. अडचण अशी झाली की तो मुखवटा घातलेला माणूसच वाटायचा. मुखवटा म्हटला की मागे चेहरा आलाच आणि चेहरा आला की बघणारा त्यात राग, दया, वेड असलं काहीतरी शोधू लागतो. मग इतोंनी चेहऱ्याची जागाच काढून टाकली आणि तिथे एक अवजड, टोकदार कोनांचा आकार बसवला. त्या धारदार कोनांतून वेदना सुचावी, हा त्यांचा विचार होता. मला वाटतं, हे बघताना आपल्याला आपोआप कळतं. ते डोकं दुसऱ्याला टोचेल असं वाटतंच, पण त्याआधी ते वाहणाऱ्यालाच ते दुखत असणार असं वाटतं. अंगावर रक्ताने मळलेला खाटकाचा झगा, हातात स्वतःच्या उंचीचा सुरा. तो उचलून नेणं त्यालाही जड, म्हणून फरशीवरून ओढत नेतो. पडद्यावर काही दिसायच्या आत ते लोखंड घासटल्याचा आवाज कानावर येतो आणि हात थांबतो.

रविवार

आज जिन्यापाशी त्याच्याशी सामना झाला. ही जागा मला गेममधली सगळ्यात हुशारीने रचलेली वाटते.

खोली अगदी लहान. खाली जाणारा जिना पाण्याने भरलेला. आपण गोळ्या झाडायच्या, त्याने सुरा उगारायचा, आपण बाजूला व्हायचं. किती गोळ्या लागल्या तरी तो पडत नाही. हात-पाय चालवायला जागा नाही, कॅमेरा हवा तिथे वळत नाही, त्यामुळे सुरा नेमका कुठे येतोय हे उशिरा कळतं. आणि मग कुठूनतरी सायरन वाजतो. तो थांबतो. आपल्याकडे पाठ करतो आणि सावकाश पायऱ्या उतरत पाण्यात शिरतो, डोक्यावरून पाणी जाईपर्यंत. नंतर पाणी ओसरतं आणि आपल्याला त्याच जिन्याने, तो गेला त्याच वाटेने खाली उतरावं लागतं.

आपण जिंकलो नाही. त्याचं काम झालं म्हणून तो गेला. काम काय, हे गेम तेव्हा सांगत नाही.

गेमचा नायक जेम्स संडरलँड सायलेंट हिल या गावात येतो तो बायकोचं, मेरीचं, पत्र आलं म्हणून. मेरी तर आजाराने गेलेली. शेवटाकडे कळतं की आजारी मेरीच्या तोंडावर उशी दाबून जेम्सनेच तिला मारलं आणि ते स्वतःपासून लपवून ठेवलं. मेरीसारखी दिसणारी मारिया त्याला गावात भेटते आणि पिरॅमिड हेड तिला त्याच्या डोळ्यांदेखत मारतो. ब्रूकहेवन हॉस्पिटलच्या तळघरातला तो लांब कॉरिडॉर, मागे सुरा, पुढे लिफ्ट, जेम्स आत आणि मारिया दाराबाहेर. काही वेळाने मारिया पुन्हा जिवंत भेटते. पुन्हा मरते. जेम्सला जे आठवायचं नाही, ते त्याच्यासमोर परत परत करून दाखवलं जातं.

म्हणूनच हॉटेलमधल्या प्रसंगाला माझ्या लेखी तोड नाही. तिथे दोन पिरॅमिड हेड मारियाला पुन्हा ठार करतात आणि जेम्स गुडघ्यांवर बसून कबूल करतो की मी दुबळा होतो, म्हणून तू मला हवा होतास, माझ्या पापांची शिक्षा द्यायला कुणीतरी हवं होतं. मग लढाई होते आणि ती संपते तेव्हा ते दोघे स्वतःच्याच भाल्यांवर प्राण देतात. गरज संपली. त्यांना मारायला गोळी लागली नाही, जेम्सने खरं मान्य करणं लागलं. पिरॅमिड हेडचं रूपही उगाच आलेलं नाही. वाटेत एका संग्रहालयात जुनं चित्र लावलेलं आहे, त्यात हाच आकार भाला घेऊन उभा आहे. गावाच्या इतिहासातला शिक्षा देणारा. जेम्सच्या मनाने शिक्षेसाठी हे रूप उचललं.

मंगळवार

धाकट्या भावाशी फोनवर या विषयावर चांगलंच वाजलं. त्याने 'सायलेंट हिल' कधी खेळलेला नाही. तो पिरॅमिड हेडला ओळखतो 'डेड बाय डेलाइट' या दुसऱ्याच गेममधून, जिथे २०२० पासून तो 'एक्झिक्यूशनर' म्हणून खेळता येतो. "ताई, कसला भारी किलर आहे तो! तू त्याच्यात एवढं दुःख कुठून शोधतेस?" असं त्याचं म्हणणं. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यापर्यंत जो पोचला त्याच्या सोबत जेम्स नव्हताच.

ही फारकत आधीच सुरू झाली होती. २००६ च्या 'सायलेंट हिल' चित्रपटात जेम्सची गोष्टच नाही, पण पिरॅमिड हेड आहे, आणखी धिप्पाड, आणखी पिळदार. त्याच्या देहबोलीवर रॉबेर्तो कँपानेला यांनी केलेलं काम मला मनापासून आवडतं. तरी तो तिथे कोणासाठी आला आहे, हे सांगता येत नाही. २०१२ च्या दुसऱ्या चित्रपटात तर तो नायिकेच्या बाजूने लढतो. 'होमकमिंग' या २००८ च्या गेममध्ये नायक दुसरा, पाप दुसरं, तरी हा हजर. त्याच वर्षी निंटेंडो डीएसच्या एका मैदानी खेळांच्या गेममध्ये तो शर्यतीत धावतो. पुतळे निघाले, टी-शर्ट निघाले, कॉस्प्लेवाले (आवडत्या पात्रांचे वेश करणारे) पुठ्ठ्याची त्रिकोणी डोकी घालून फिरू लागले. हे सगळं लोकांनी प्रेमाने केलं आहे आणि त्या डोक्याची बाह्यरेखाच इतकी ठसठशीत आहे की हे होणारच होतं. अवघ्या चार रेघांत ओळखू येणारा खलनायक घडवणं चित्रकाराला क्वचित जमतं. पण त्याच चार रेघा कुठेही चिकटवता येतात.

इतोंना याचा त्रास झाला. काही वर्षांपूर्वी त्यांनी ट्विटरवर, चिडून, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं अशा अर्थाचं लिहिलं. ते वाचून मला वाईट वाटलं. ज्या माणसाने तो एका जेम्ससाठी घडवला, त्याला तो शर्यतीत धावताना बघावा लागला.

तरी माझं त्यांच्याशी पटत नाही. ब्लूबर टीम या कंपनीचा रिमेक आला तेव्हा इतो स्वतः त्यावर कामाला होते, संगीताला मूळ गेमचे संगीतकार अकिरा यामाओका परत आले, आणि हॉटेलातला तो कबुलीचा प्रसंग जागच्या जागी राहिला. मी तो रिमेकमध्ये बघितला तेव्हा आधीचे चित्रपट, पुतळे, शर्यती काही आठवलं नाही. समोर गुडघ्यांवर बसलेला जेम्स होता आणि ते दोघे होते. बाहेर इतकं फिरून आल्यावरही त्याच्यातलं काही उणं झालेलं नव्हतं.

भावाने आज रिमेक विकत घेतला. शेवट त्याला सांगितलेला नाही. हॉस्पिटलची लिफ्ट आली की फोन कर म्हटलं आहे. तेव्हाही तो त्याला भारी किलर म्हणतो का, ते मला ऐकायचं आहे.