तुम्ही विचारलंत म्हणून: टॉल्कीन जाऊन पन्नास वर्षं झाली, मग नवी पुस्तकं लिहितं कोण?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेल्या चार माणसांत बसलं की हा प्रश्न हमखास निघतो. या कादंबरीचे लेखक, ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्कीन २ सप्टेंबर १९७३ ला गेले. आणि दुकानात २०२१ पासून २०२५ पर्यंत ओळीनं दरवर्षी नवं पुस्तक, त्यावर नाव त्यांचंच. मुलगा लिहितो का? नातवंडं? की पगारी माणूस बसवलाय?

कुणी लिहीत नाही. सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय, फक्त इतकं विस्कटून की ते छापण्याजोगं करण्यात मुलाची जवळजवळ पन्नास वर्षं गेली. ‘कुणी लिहीत नाही’ याला एक मोठा अपवाद आहे. तो पुढे येईलच.

आधी कागद कसा असतो ते बघू. पहिला खर्डा पेन्सिलीनं, अक्षर धावतं. मग त्याच कागदावर, त्याच ओळींवरून, शाईनं सुधारलेला मजकूर. म्हणजे मूळ विचार खाली दबलेला आणि सुधारणा वर बसलेली. काही ठिकाणी तर शाई चालवण्याआधी पेन्सिल खोडरबरानं पुसलेली. युद्धकाळात कागदाची टंचाई, त्यामुळे परीक्षेच्या पेपरांच्या कोऱ्या पाठीही वापरल्या. तारीख क्वचितच. मग पानांचा क्रम लावायचा कसा? नावांवरून. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नायक फ्रोडो सुरुवातीला ‘बिंगो’ होता. शेवटी राजा होणारा अरागॉर्न तर माणूसही नव्हता. लाकडी जोडे घालणारा ‘ट्रॉटर’ नावाचा हॉबिट, म्हणजे टॉल्कीनच्या बुटक्या जमातीतला, होता. ज्या पानावर बिंगो, ते आधीचं. पण इथेच नवखा फसतो, कारण टॉल्कीन जुनी पानं फेकत नसत. नाव खोडून, वर नवं लिहून, तेच पान पुढच्या खर्ड्यात सरकवत. म्हणून वरचं नाव सोडून खोडलेल्या नावाकडे बघायचं, मग पानाचा जुना आकडा, शेवटी पाठीमागे काय आहे ते.

त्यात हे कागद एका जागी नाहीत. अमेरिकेत मिलवॉकीला मार्केट विद्यापीठ आहे. तिथल्या विल्यम रेडी या ग्रंथपालानं १९५० च्या दशकात, बाकी कुणाला सुचायच्या आत, ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हस्तलिखितं १,५०० पौंडांना विकत घेतली. आज ही रक्कम वाचून हसू येतं. बाकीचा मोठा साठा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. गोची अशी की गठ्ठा अमेरिकेला गेला तेव्हा काही पानं घरीच राहिली होती. त्यामुळे एकाच प्रकरणाचे तुकडे अटलांटिकच्या दोन काठांवर. धाकटा मुलगा ख्रिस्तोफर यानं मिलवॉकीहून आलेल्या छायाप्रती आणि घरातली पानं शेजारी ठेवून ते जुळवले, १९८८ ते १९९२ मध्ये चार खंडांत छापले आणि घरातली पानं मिलवॉकीला पाठवून दिली.

आता अपवाद. टॉल्कीननी मृत्युपत्रात ख्रिस्तोफरला अप्रकाशित लेखनाबद्दल पूर्ण मुभा दिली होती: छाप, बदल, पुरं कर, नाहीतर नष्ट कर. त्या अधिकारानं त्यानं १९७७ मध्ये ‘सिल्मरिलियन’, म्हणजे कादंबरीच्या आधीच्या युगांच्या कथा, काढलं. गाय गॅव्हरिएल के हा कॅनडाचा तरुण मदतीला होता. दोघांनी वेगवेगळ्या दशकांतले खर्डे जोडून एकसंध गोष्ट केली. बहुतेक ठिकाणी शब्द वडिलांचेच, पण डोरियाथच्या (एल्फ या अमर लोकांच्या राज्याच्या) विनाशाचं बाविसावं प्रकरण तसं नाही. त्या भागाचा वडिलांनी लिहिलेला पूर्ण मजकूर फार जुना होता, नंतरच्या कथानकाशी त्याचा मेळ बसेना, म्हणून तो भाग बराचसा या दोघांनी रचला. १९७७ च्या वाचकाला हे पान बघून कळायला मार्गच नव्हता.

मराठी वाचकाला यातली अडचण वेगळी समजावून सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली म्हणून समजा. ख्रिस्तोफरला आपली नरोटी स्वतःच टोचली. १९९४ च्या खंडात त्यानं डोरियाथ प्रकरणात आपण काय केलं ते उघड सांगितलं आणि तसं करायला नको होतं असंही म्हटलं. पण त्याआधीच, १९८३ पासून, त्यानं पद्धत बदलली होती. १९९६ पर्यंत बारा खंड (वरचे चार आणि १९९४ चा यांतलेच), त्यांत वडिलांचा मजकूर जसा सापडला तसा, अपुरा तर अपुरा. आपलं बोलणं वेगळं, लहान टाइपात. वाचता न आलेला शब्द तसा नोंदवलेला. त्याच्या पश्चात (तो जानेवारी २०२० मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेला) जे संपादक आले, ते याच रुळावरून चालतात. बोडलियननं २०२२ मध्ये त्याच्या स्मरणार्थ लेखसंग्रह काढला. माझ्या मते वडिलांइतकाच हा मुलगाही गौरवाचा धनी आहे, आणि हे उशिरा का होईना लोकांच्या लक्षात येतंय.

मग घ्यायचं काय? २०२३ ची पत्रांची वाढीव आवृत्ती, डोळे मिटून. १९८१ मध्ये पत्रं निवडली तेव्हा पुस्तक फार जाड होतंय म्हणून बरीच गाळली होती. ती दीडशेहून अधिक पत्रं आता परत आली. संपादकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. जुने क्रमांक, १ ते ३५४, हलवले नाहीत. नवी पत्रं क्रमांकापुढे अक्षर लावून मधे बसवली. त्यामुळे चाळीस वर्षांतल्या लेखांमधले ‘पत्र १३१’ असले हवाले आजही बरोबर ठिकाणी पोचतात. पानाचा आकडा मात्र आता उपयोगाचा नाही. हवाला द्याल तो पत्राच्या क्रमांकाचाच द्या.

२०२४ चा कवितासंग्रह तीन खंडांचा, दीड हजारांहून जास्त पानं. संपादक वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल हे नवरा-बायको, दोघेही पेशानं ग्रंथपाल, आणि ते पानापानावर जाणवतं. १९५ नोंदी आहेत, साठाहून अधिक कविता पहिल्यांदाच छापलेल्या. हा सलग वाचायचा नाही. एक नोंद उघडायची, कवितेचं पहिलं रूप वाचायचं, मग मधली रूपं आणि शेवटचं. एकच कविता वीस-तीस वर्षांत कशी झिजत, घासत गेली ते दिसतं. सलग वाचायला गेलात तर चाळिसाव्या पानाला सगळं सारखंच वाटायला लागेल, आणि दोष कवीवर जाईल.

२०२१ चं ‘नेचर ऑफ मिडल-अर्थ’ फक्त मुरलेल्यांसाठी. संपादक कार्ल होस्टेटर हे नासात काम केलेले संगणकतज्ज्ञ, आणि आतला मजकूर त्यांना शोभेलसा: एल्फ लोकांचं एक वर्ष म्हणजे आपली १४४, मग अमुक जण अमुक वेळी किती वयाचा, याची टॉल्कीननी मांडलेली पानंच्या पानं गणितं. २०२२ चं न्यूमेनॉर या टॉल्कीनच्या कल्पित, बुडालेल्या बेटावरचं पुस्तक बहुतेक आधी छापलेला मजकूर कालक्रमानं लावून केलंय. अ‍ॅलन ली यांच्या चित्रांसाठी घ्या. २०२५ चं ‘बोव्हाडियम फ्रॅगमेंट्स’ छोटंसं, ऑक्सफर्डमधल्या मोटारींच्या सुळसुळाटावरचं तिरकस लेखन. पुण्यात राहणाऱ्याला ते कल्पित वाटणार नाही.

दुकानात एकच तपासणी करा. आतलं शीर्षकपान उघडा आणि संपादकाचं नाव शोधा, मग प्रस्तावनेत कोणता मजकूर कुठल्या साली लिहिलेला हे सांगितलंय का ते बघा. आणि ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचा यातल्या कशाशी संबंध लावू नका. तिचा आधार मुख्यतः कादंबरीची परिशिष्टं, बाकी भर मालिकावाल्यांची.

मूळ कादंबरीसुद्धा धड छापलेली नव्हती, हे सहसा कुणाला माहीत नसतं. १९५४ मध्ये पहिल्या खंडाच्या प्रती लवकर संपल्या, पण छापखान्यानं जुळवलेले खिळे सोडून टाकले होते. त्यांनी लेखकाला न कळवता अख्खा खंड पुन्हा जुळवला, आणि नव्या चुका घुसल्या. पहिल्या जुळणीतही त्यांनी टॉल्कीनच्या खास शब्दरूपांना चूक समजून ‘दुरुस्त’ केलं होतं. २००४ च्या आवृत्तीत हॅमंड आणि स्कल यांनी तीनशेहून अधिक जागा सुधारल्या. जुन्या बाजारात मिळणारी प्रत वाचायला हरकत नाही, शब्दावर वाद घालायचा असेल तर २००४ नंतरचीच घ्या.

सोहळ्यांचं विचाराल तर सगळ्यांत सोपा ३ जानेवारीचा, त्यांच्या जन्मदिवसाचा. रात्री नऊला, आपापल्या गावच्या घड्याळानं, उभं राहायचं, पेला उंचावून ‘द प्रोफेसर’ म्हणायचं, एक घोट घ्यायचा. पेल्यात काय असावं याला नियम नाही. कोकम सरबत चालतं. २५ मार्चला, कादंबरीत खलनायक सौरॉनचा पाडाव होतो त्या तारखेला, वाचनदिन. सप्टेंबरात ऑक्सफर्डला टॉल्कीन सोसायटीचं ऑक्सनमूट हे संमेलन भरतं, शेवटच्या दिवशी मंडळी वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत जातात. त्या दगडावर बायकोच्या नावाखाली ‘लूथियन’ आणि त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’ कोरलंय, त्यांच्याच कथेतल्या प्रेमिकांची नावं. २०२० पासून यातलं बरंच ऑनलाइनही बघता येऊ लागलं. सप्टेंबरात तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच.

मार्केट विद्यापीठाचा एक उपक्रम मात्र घरबसल्या करण्याजोगा आहे. २०१७ पासून ते वाचकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात. लक्ष्य सहा हजारांचं, कारण कादंबरीतला थेओडेन राजा शेजारच्या गाँडोर राज्याच्या मदतीला सहा हजार स्वार घेऊन निघाला होता. प्रश्न तीनच: टॉल्कीन पहिल्यांदा कधी भेटले, का आवडतात, आणि तुमच्या आयुष्यात त्यांचं स्थान काय. वेळ सगळी मिळून तीन मिनिटं. नाव नोंदवण्याआधी घड्याळ लावून एकदा बोलून बघा. पहिल्याच प्रश्नाला शाळेचं ग्रंथालय आणि मामानं दिलेली फाटकी प्रत सांगत बसलात, तर तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत वेळ संपलेली असते.