ठाणे खाडी: रोहितांच्या ताटात येतं कुठून?

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला ऐरोलीला बोटीत बसायचं तर आधी पंचांग उघडावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारला भरती. खाडीच्या आत ती थोडी उशिरा पोचते. पाणी पुरतं भरलेलं असेल तर चिखल बुडतो आणि पक्षी पांगतात, पुरतं उतरलं तर बोट रुतते. षष्ठी-सप्तमीला सातच्या सुमारास उतरतं पाणी छान सापडतं. फक्त ते भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, चिखल कमी उघडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी सकाळी साडेपाच-सहाची, तेव्हा चढत्या पाण्यात जायचं. पाणी वाढेल तसे पक्षी काठाकडे सरकत येतात. जेट्टी वनविभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची आहे, बोटीच्या वेळा तिथेच विचाराव्यात.

जेट्टीकडे जाताना दोन्ही बाजूंना तिवर, म्हणजे इथली खारफुटी. पानाच्या खालच्या बाजूला जीभ लावली तर खारट लागतं. मुळांनी न अडवलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. आम्हाला मात्र हिरव्यापेक्षा पिवळ्या पानांत जास्त रस होता. पान गाळण्याआधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस काढून घेतं. खाली पडतं ते कर्बाने भरलेलं, टॅनिनमुळे तुरट आणि खायला निकस पान. खेकडे ते बिळात ओढतात, कुरतडतात. बुरशी आणि जिवाणू त्यावर बसतात आणि पाण्यातला नायट्रोजन स्वतःच्या शरीरात बांधतात. काही आठवड्यांनी तोच कुजका चुरा ताज्या गळलेल्या पानापेक्षा सकस झालेला असतो. कोळंबीची पिल्लं, कृमी आणि शिंपले जगतात ते मुख्यतः या चुऱ्यावर आणि त्यावरच्या जिवाणूंवर. हिरवं पान थेट खाणारे इथे थोडेच.

बोट सुटली की दहा मिनिटांत वास येतो. त्याला नाक मुरडू नये, त्यात माहिती आहे. चिखलाचा वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी, तिथवर प्राणवायू पोचतो. त्याखाली काळा चिखल: तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. याच सीमेवर नायट्रेटचा मोठा वाटा वायू होऊन हवेत निघून जातो. फॉस्फरसला अशी वाट नाही. तो गाळातल्या लोहाला चिकटून बसतो आणि प्राणवायू संपला की सुटून पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे उद्या सांडपाणी थांबवलं तरी जुना गाळ काही काळ खाडीला फॉस्फरस पुरवत राहील.

भांडुपच्या बाजूला पाणी उथळ होतं आणि गुलाबी रेघ दिसू लागते. दुर्बीण 8×42 ची पुरते. चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी तो मोठा रोहित. चोच गडद लाल, जवळजवळ काळी आणि उंचीला कमी तो छोटा रोहित. इथे बहुसंख्य छोटे. दोघं मान उलटी करून चरतात, पण ताट वेगळं. छोट्याच्या चोचीतली गाळणी इतकी बारीक की नील-हरित शेवाळ आणि डायटम ही सूक्ष्म एकपेशीय शेवाळंही अडकतात. मोठा पायांनी चिखल तुडवून कृमी, शिंपले, किड्यांच्या अळ्या वर आणतो. ओहोटीला चिखलात दिसणारे गोल खळगे त्याचेच.

इथे थोडं गणित. छोटा रोहित दिवसाला साधारण 60 ग्रॅम शेवाळ खातो, वाळवून मोजलं तर. दहा हजारांचा थवा धरला तर रोज 600 किलो. आता समजा, हेच पक्षी शेवाळाऐवजी शेवाळ खाणाऱ्या कृमींवर जगत असते. एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्सा ऊर्जा पोचते, बाकीची हालचालीत आणि उष्णतेत जाते. म्हणजे तेवढ्याच थव्याला सहा हजार किलो शेवाळ लागलं असतं. ऊर्जेचा हा उतरता हिशेब रेमंड लिंडेमन यांनी मिनेसोटातल्या एका लहान तळ्यावर मांडला. त्यांचा लेख 1942 मध्ये छापून आला, तोवर ते वारले होते, वयाची 27 वर्षंही पूर्ण होण्याआधी. दहा टक्के हा अंदाज आहे, नियम नव्हे. पाच आणि वीससुद्धा सापडतात. पण रोहित हजारांनी आणि वर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, दलदली भोवत्या, एखादाच का, याचं उत्तर त्यात आहे.

शेवाळ एवढं कुठून? मुंबई, ठाणे, नवी मुंबईचं सांडपाणी, काही प्रक्रिया केलेलं, काही तसंच. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, ऊन आणि उथळ पाणी आहेच. गुलाबी थव्याचे फोटो टाकून 'निसर्ग परत आला' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. खत प्रमाणाबाहेर गेलं की शेवाळ माजतं, कुजताना प्राणवायू खातं आणि पहाटे, म्हणजे रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद राहिल्यावर, मासे तळमळून वर येतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पाणी हलवते म्हणून खाडी तग धरते. शेजारच्या ज्या तळ्यांची खाडीकडची तोंडं भरावाने किंवा कचऱ्याने बुजली, तिथे पाणी साचून शेवाळाची साय धरते आणि पक्षी उठून जातात.

दुसरी अडचण गाळाची. तो साचून चिखल उंच झाला की तिवराची रोपं रुजतात. खारफुटी वाढली म्हणून आपण खूश, पण रोहितांना मोकळा, पाणी चढणारा चिखल हवा, झाडं नकोत. 2015 मध्ये अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, तरी वरून येणारा गाळ काही थांबलेला नाही.

परतताना काठाशी बाकचोच तुतवार दिसले, शिवणयंत्रासारखे चिखल टोचत. त्यांनी उचललेला प्रत्येक कृमी इथल्या कुजक्या पानांवर आणि शेवाळावर वाढलेला. त्याची चरबी साठवून ते सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे अंडी घालायला जातात. मुंबईतल्या चिखलाचा थोडा नायट्रोजन टुंड्रात पोचतो. हिवाळ्यात हा पक्षी राखाडी, ओळखायला त्रासदायक. एप्रिलच्या अखेरीस गेलात तर निघायच्या तयारीतले काही विटकरी झालेले दिसतील. टोपी आणि पाणी मात्र न्या, बोटीत सावलीचा भरवसा नाही.