तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडलिनी जागी झाली का?

मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी, फोनवरच्या ओळखी, एकदा तर बँकेच्या रांगेत उभी असलेली एक मुलगी, सगळ्यांनी मला हेच विचारलंय: "इतकी वर्षं साधना करताय, तुमची कुंडलिनी जागी झाली का? आणि झाली हे कळतं कसं?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे. कुंडलिनी म्हणजे योगात सांगितलेली, पाठीच्या कण्याच्या तळाशी निजलेली शक्ती.

आमचं गाव रत्नागिरीतल्या पावसच्या जवळ. तिथले संत स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांच्यामुळे या भागात सोऽहम्, म्हणजे 'तो मीच' हा श्वासावरचा जप, घरोघरी रुजलेला. श्वास आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हम्'. दिवसाला 21,600 श्वास होतात असं मानतात, त्यातले जमतील तेवढे जाणून घ्यायचे. कुंडलिनी हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. मला तो तिशीत भेटला, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू साडेतीन वेढे घालून, तोंड खाली करून निजलंय, असं तिथे वर्णन आहे. ते वाचलं आणि मी झपाटून गेले. ते पिल्लू उठवायचंच, असं मनाने घेतलं.

मग एका शिबिरात गेले. दहा दिवसांत तिन्ही बंध (गळा, पोट आणि तळाशी शरीर आवळून धरणं) लावून लांबलचक कुंभक, म्हणजे श्वास कोंडून धरणं, शिकवले. घरी येऊन मी ते दुप्पट केले. तिसऱ्या आठवड्यात पाठीतून आग निघायला लागली, झोप उडाली. मोरीत तांब्या पडला तरी छाती धडधडायची. आणि मला वाटत होतं, हीच ती जागृती! पुढे कळलं की हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट बजावलंय: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो.

शेजारच्या काकींकडे गेले तेव्हा त्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, शिपणं करत होत्या, झाडांना पाणी देत होत्या. पोफळीची वाळकी पानं आणि माती साठून पाट तुंबला होता, पाणी काठावरून भलतीकडेच चाललं होतं. माझं सगळं ऐकून त्यांनी आधी पंप बंद करायला लावला. मग खोरं माझ्या हातात दिलं. "अगो, पाट तुंबलेला असताना जोर लावलास तर पाणी माडाला पोचतं होय? काठ फोडतं. ते श्वास कोंडणं आजपासून बंद. आणि आधी डॉक्टरला दाखव." डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, झोपेचं औषध दिलं. महिनाभर मी मऊभात, तूप, मेतकूट खाल्लं आणि रोज दोन तास आगरात राबले. पाठीतली आग हळूहळू निवली.

नाडीशुद्धी, म्हणजे शरीरातल्या प्राणाच्या वाटा मोकळ्या करणं, ती मला त्या पाटात समजली. इडा, पिंगळा, सुषुम्ना ही नाड्यांची नावं पाठ होती, मूलाधाराच्या चार पाकळ्यांपासून आज्ञाचक्राच्या दोन पाकळ्यांपर्यंत सगळी चक्रं, म्हणजे कण्यालगतची शक्तीची केंद्रं, तीही पाठ होती. त्या पाठांतराने एक रात्रही झोप लागली नव्हती.

टप्पे विचारता, तर हठयोगात चार सांगितलेत: आरंभ, घट, परिचय, निष्पत्ती. ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी, रुद्रग्रंथी या गाठी वाटेत सुटत जातात आणि प्रत्येक टप्प्याला आत ऐकू येणारा नाद वेगळा. आधी दागिन्यांची किणकिण, मग भेरी (मोठा नगारा), मग मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शेवटी बासरी आणि वीणा. शक्तिपाताच्या परंपरेत, म्हणजे जिथे गुरू शिष्यातली शक्ती जागी करतो, याखेरीज क्रिया सांगतात: अंग थरथरतं, आसनं आपोआप घडतात, रडू किंवा हसू येतं. हे खरं आहे, मी जवळून पाहिलंय. पण थरथर म्हणजे पोचणं नव्हे, हे ठामपणे सांगते.

ज्ञानदेवांनी फळंही सांगितलीत. समुद्रापलीकडचं दिसतं, मुंगीच्या मनातलं कळतं. लोक तिथेच अडकतात. मला मात्र त्याच्या पुढची जागा जास्त भिडते. वर चढता चढता तिचं कुंडलिनी हे नावच गळून पडतं, ती नुसता वायू म्हणवते, आणि शिवात मिसळेपर्यंत तेवढं शक्तिपण उरतं. जिच्यासाठी माणूस झपाटतो तिचं नावसुद्धा शेवटी राहत नाही! ही जागा वाचताना अजूनही माझे डोळे भरून येतात.

माझं म्हणाल तर काही पहाटे पडवीत बसले की श्वास इतका बारीक होतो की आत आला की बाहेर गेला ते कळत नाही, आणि उजव्या कानात लांबून बांगड्या वाजल्यासारखं होतं. त्याला मी नाव देत नाही. मागच्या पावसाळ्याआधी चुलतभावाने सामाईकातला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दोन हात आत सरकवला. पूर्वी मी महिनाभर धुमसले असते. या वेळी राग आला, चांगला आला, पण संध्याकाळपर्यंत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मोजणीचा अर्ज केला आणि येताना त्याच्या मुलांसाठी बरका फणस घेऊन गेले.

ज्यांना हे शिकायचंय त्यांना मी आधी झोप कशी आहे ते विचारते. नीट असेल तर पहाटे पाचला पडवीत या. एक घोंगडी जास्तीची आहे. कुंभक नाही, नुसता श्वास. आणि सहानंतर शिपणं असतं, खोरी दोन आहेत.